निरंक अहवाल आणि सिलिंडरचा पाना

एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा प्रश्न असा आहे: "कोविडच्या काळात आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर आले, ऑक्सिजन प्लांट उभा राहिला. आज त्यांना कुणी हात लावत नाही. आरोग्यावर फार पैसा नसलेल्या आपल्यासारख्या देशात पुढच्या महामारीची तयारी म्हणजे नक्की काय करायचं? आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून माझ्या हातात त्यातलं काय आहे?"

डॉक्टर, तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. मीही आरोग्य केंद्रातूनच सुरुवात केली आणि पुढे तालुका-जिल्हा पातळीवर बहुतेक काळ साथरोगाचंच काम केलं. गॅस्ट्रो, कावीळ, लेप्टो, स्वाइन फ्लू आणि शेवटी कोविड. या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: जी यंत्रणा साध्या दिवशी वापरात असते, तीच साथीच्या दिवशी चालते. ऐन साथीत नव्याने उभारलेलं बहुतेक सगळं उशिरा पोहोचतं आणि साथ ओसरली की गंजत पडतं. तुमच्या रुग्णालयात तेच झालंय.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एक जागतिक निर्देशांक प्रसिद्ध झाला होता. कोणता देश महामारीला किती तयार आहे, याची क्रमवारी. पहिला नंबर अमेरिकेचा, दुसरा ब्रिटनचा. तीन-चार महिन्यांत कोविड आला आणि पुढे एकट्या अमेरिकेत दहा लाखांहून जास्त माणसं गेली. प्रयोगशाळा, कायदे, योजनांच्या फायली मोजता येतात. संकटाच्या दिवशी फोन कोण उचलणार आणि सांगितलेलं लोक ऐकणार का, हे त्या मोजणीत येत नाही.

आता याच्या उलट उदाहरण सांगतो, कारण ते आपल्यासारख्याच देशाचं आहे. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून आलेला एक प्रवासी नायजेरियात लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता, म्हणून त्याला एका खासगी रुग्णालयात नेलं. सुरुवातीला मलेरियाचे उपचार झाले. पण डॉ. अमेयो स्टेला अदादेवोह यांना इबोलाची शंका आली. त्यांनी नमुने पाठवले आणि वरून दबाव येत असतानाही रुग्णाला सोडायला नकार दिला. त्याच संसर्गाने ऑगस्टमध्ये त्या गेल्या. दोन कोटींच्या आसपास वस्तीचं शहर, दाट झोपडपट्ट्या, रोज भरून वाहणाऱ्या बसगाड्या. इबोला तिथे पसरला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.

प्रत्यक्षात नायजेरियात एकूण २० रुग्ण झाले, ८ मृत्यू झाले आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. हे कसं जमलं? पोलिओसाठी त्यांनी २०१२ मध्ये एक आपत्कालीन कक्ष उभारला होता. घरोघर जाऊन थेंब पाजणारी पथकं, वस्त्यांचे नकाशे, रोज संध्याकाळी आढावा घेण्याची शिस्त, सगळं आधीपासून चालू होतं. तीच माणसं आणि तीच पद्धत इबोलाकडे वळवली. ८९४ संपर्कांची यादी झाली आणि त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवायला सुमारे १८,५०० घरभेटी झाल्या. यातलं काहीही इबोलासाठी विकत आणलेलं नव्हतं.

इबोलाच्या त्याच साथीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत २८,६०० हून अधिक रुग्ण झाले, ११,३०० हून अधिक माणसं दगावली. पहिला रुग्ण गिनीतल्या मेलियांदू नावाच्या छोट्या गावात डिसेंबर २०१३ मध्ये झाला असं मानतात. आजाराचं नाव कळलं मार्च २०१४ मध्ये. मधले तीन महिने तो गावोगाव फिरला आणि शहरांपर्यंत पोहोचला. लायबेरियात त्या वेळी चाळीस लाखांच्या वर लोकसंख्येला जेमतेम पन्नासच्या आसपास डॉक्टर होते.

हे तीन महिने लक्षात ठेवा. तुमचं खरं काम तिथे आहे.

सुरतेत १९९४ साली प्लेगची बातमी आली आणि लोक रेल्वे-एसट्या भरभरून पळाले. त्या अनुभवानंतर आपल्याकडे रोगसर्वेक्षणाचा गांभीर्याने विचार सुरू झाला आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला. आरोग्य सेविकेचा लक्षणांचा एस फॉर्म, तुमचा संशयित निदानाचा पी फॉर्म, प्रयोगशाळेचा खात्रीच्या निदानाचा एल फॉर्म. आता तो कागदावरून पोर्टलवर गेलाय. व्यवस्था म्हणून ही चांगली आहे, मी तिच्यावर टीका करणार नाही. पण तिच्यात एक शब्द शिरून बसलाय, निरंक. म्हणजे 'एकही रुग्ण नाही'.

मी तालुक्याला असताना एका उपकेंद्राचा अहवाल सलग तीन आठवडे निरंक येत होता. वेळेवर, सहीशिक्क्यासह. दरम्यान त्या भागातल्या एका औषध दुकानदाराने सहज बोलताना सांगितलं की काविळीच्या बाटल्या संपल्या, पुन्हा मागवल्यात. आम्ही गेलो तर गावात पंचवीस-तीस घरांत कावीळ. पाण्याच्या पाइपला गटाराजवळ गळती होती. आरोग्य सेविका कामचुकार मुळीच नव्हती, गावात तिला प्रत्येक घर माहीत होतं. मी विचारलं, ताई, लिहिलं का नाही? ती म्हणाली, "साहेब, आकडा लिहिला की खुलासा मागतात. मागच्या वर्षी गॅस्ट्रोचे लिहिले तर नोटीस मला आली, पाणीपुरवठ्याला नाही."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि ती नोटीस ज्या कार्यालयातून निघाली त्याच साखळीतला मीही एक होतो. जो पहिला खबर देतो त्यालाच दोषी धरलं की खबर बंद होते. हे आपल्याच खात्यात घडतं असं नाही, देशादेशांतही घडतं. साथ जाहीर केली की व्यापार थांबतो, विमानं बंद होतात, पर्यटक फिरत नाहीत, म्हणून सरकारंही निरंक लिहितात. पण देशाचं जाऊ द्या. तुमच्या केंद्रात आकडा लिहिणाऱ्या सेविकेला पहिली प्रतिक्रिया काय मिळते, हे तुमच्यावर आहे. फोन करून "ताई, बरं झालं कळवलंत, मी येतो" एवढं म्हटलं तरी पुढच्या आठवड्याचा अहवाल वेगळा येतो. मी हे करून पाहिलेलं आहे.

लवकर ओळखण्याने काय फरक पडतो ते निपा या वटवाघळांकडून येणाऱ्या विषाणूने दाखवलं. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना हा आजार झाला आणि ४५ दगावले. रुग्णालयातच तो कर्मचाऱ्यांत आणि भेटायला आलेल्यांत पसरला. तो निपा होता हे कळायला काही वर्षं गेली. मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोडजवळ पेराम्ब्रा इथे एका घरात एक तरुण दगावला आणि काही दिवसांत त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी आजारी पडला. दुसऱ्याच रुग्णापाशी डॉक्टर थबकले: एकाच घरात असं दोनदा कसं? नमुने मणिपाल आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले, निदान झालं. तरीही १७ जीव गेले, त्यांत रुग्णाची सेवा करणारी एक परिचारिकाही होती. पण उद्रेक काही आठवड्यांत आटोक्यात आला. तिथे प्रयोगशाळा कामी आली हे खरं, पण तिच्याआधी कामी आली ती एका डॉक्टरच्या मनातली शंका. ओपीडीत दीडशे केसपेपर असताना अशी शंका यायला जागा राहत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच रिक्त पदं भरणं हा माझ्या दृष्टीने महामारीच्या तयारीचाच भाग आहे.

आणि शंका फक्त डॉक्टरलाच येते असंही नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि पलीकडे गोव्यात सत्तरीत माकडताप आला, तेव्हापासून रानात मेलेलं माकड दिसलं की लोक आरोग्य खात्याला कळवतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला चावतात, हे तिथल्या शेतकऱ्याला माहीत झालंय. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले, ऐन कोविडच्या धामधुमीत. तरी कुणीतरी नमुने पुण्याला पाठवले, आणि डासांमुळे पसरणाऱ्या झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण तिथे सापडला. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. त्या वेळी प्रत्येक ताप कोविडच्या खात्यात टाकून मोकळं होणं किती सोपं होतं!

अलीकडे यासाठी एक साधं माप वापरतात, सात-एक-सात. उद्रेक सुरू झाल्यापासून सात दिवसांत लक्षात यावा, एका दिवसात वर कळावा आणि पुढच्या सात दिवसांत सुरुवातीची कारवाई पूर्ण व्हावी. मला ते आवडतं, कारण त्याला बजेट लागत नाही. तुमच्या भागातला मागचा गॅस्ट्रोचा उद्रेक घ्या, तारखा लिहा आणि दिवस नेमके कुठे वाया गेले ते बघा.

आता ऑक्सिजन. यावर जरा जास्त बोलतो, कारण एप्रिल २०२१ च्या त्या रात्री अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

आपल्याकडच्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लोवर, म्हणजे नाकातल्या नळीने जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटर चालू केले की दोन तासही पुरत नाही. तीस खाटांच्या वॉर्डात सगळ्यांना १० लिटर धरले तरी दिवसाला ६२ जंबो लागतात. ही गुणाकाराची बाब आहे, पण दुसऱ्या लाटेआधी किती रुग्णालयांनी हा गुणाकार मांडून ठेवला होता? नंदुरबारने ठेवला होता. तिथले त्या वेळचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. सप्टेंबर २०२० मध्ये, पहिली लाट अजून पुरती ओसरलीही नव्हती, तेव्हा जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्रकल्प सुरू झाला, पुढे आणखी झाले. एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली असताना या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता.

पण प्लांट उभा करणं हे अर्धंच काम. हा प्लांट हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या दाण्यांत अडकवतो आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे सोडतो. तो महिनोन्‌महिने बंद ठेवला की झिओलाइटमध्ये ओल धरते आणि शुद्धता घसरते. कॉम्प्रेसरची गाळणी बदलावी लागते, वीज अखंड लागते, जनरेटर त्या भाराचा लागतो. बूस्टर पंप जोडलेला नसेल तर त्यातून सिलिंडर भरता येत नाही, म्हणजे ऑक्सिजन फक्त पाइपने जोडलेल्या खाटांपर्यंतच जातो. आणि हे चालवणारा तंत्रज्ञ लागतो. यंत्राला खर्च मंजूर होतो, माणसाला होत नाही, हा आपला जुना आजार आहे. तुमच्या उपजिल्हा रुग्णालयातला प्लांट रोज काही तास चालवून प्रसूतिगृहाला आणि नवजात बालकांच्या कक्षाला जोडा, असा आग्रह धरा. न्यूमोनियाच्या बाळांना तो आजही हवाच आहे. रोज वापरात राहिला तर महामारीतही चालेल.

एका ग्रामीण रुग्णालयात त्या एप्रिलमध्ये मी रात्री अडीच वाजता पोहोचलो तेव्हा वॉर्डात एक सिलिंडर संपत आला होता. भरलेले चार बाहेर उभे होते. पण व्हॉल्व्ह उघडायचा पाना सापडत नव्हता. तो भांडारात, भांडाराला कुलूप, किल्ली घरी गेलेल्या कर्मचाऱ्याकडे. शेवटी रुग्णवाहिकेच्या चालकाने आपल्या गाडीतला पाना आणला. त्या वीस मिनिटांत एका नर्सने अँब्यू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, हाताने दाबत रुग्णाला श्वास दिला. रुग्ण वाचला. पण मला ते नशीब वाटतं, व्यवस्था नाही. आणि नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला टाकीची गळती झाली तेव्हा तर ऑक्सिजन भरपूर असतानाच दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. पुरवठा आणि पोहोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवसाने शिकवलं, आणि फार मोठी किंमत घेऊन शिकवलं.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२० मध्ये देशात कोविडची तपासणी एकट्या पुण्याच्या संस्थेत होत होती. पुढे तालुक्यापर्यंत ती लवकर पोहोचली त्यात क्षयरोगासाठी आधीच दिलेल्या ट्रूनॅट यंत्रांचा मोठा वाटा होता. गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं, बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र. पुन्हा तेच, रोज वापरात असलेलं कामी आलं. मात्र त्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. यंत्रं आणि माणसं कोविडकडे गेली, लोक घरात बसले, आणि देशात क्षयरुग्णांची नोंद २०१९ मधल्या सुमारे २४ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आली. हे सहा लाख लोक बरे झाले नव्हते. खोकत घरी बसले होते. म्हणून तुमच्या केंद्राच्या साथ आराखड्यात एक पान या गोष्टीला द्या: साथीच्या काळात लसीकरण, बाळंतपणं, क्षयाची औषधं आणि बीपी-शुगरच्या गोळ्या कोण चालू ठेवणार? नावानिशी लिहा. प्रतिनियुक्तीवर सगळ्यांना पाठवलं की हे पान रिकामं राहतं.

विश्वासाचा मुद्दा मी शेवटी घेतोय. पण कोविडमध्ये गावात शिरताना सगळ्यात आधी मी तोच तपासायचो. पुण्याला १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरात शिरले, माणसं ओढून नेली, आणि लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी, त्याच शहराच्या परिसरात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांना मुलाच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या आणि त्यातच १० मार्चला गेल्या. रोग एकच होता, पण एकाला बघून दार लागत होतं आणि दुसऱ्याला बघून उघडत होतं. इबोलाच्या वेळी गिनीत वोमे गावात माहिती द्यायला गेलेल्या पथकातली आठ माणसं गावकऱ्यांनी मारली. परक्या वेशातली माणसं येतात आणि नेलेला माणूस परत येत नाही, एवढंच त्या गावाला दिसत होतं. आणि धारावीत? सुरुवातीला तिथेही लोक घाबरून लक्षणं लपवत होते. मग महापालिकेने त्याच वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. पीपीई घातलेला असला तरी आवाज ओळखीचा, नेहमीच्या डॉक्टरचा. विलगीकरण जवळच्याच शाळांत, जेवण वेळेवर. लोक पुढे येऊ लागले.

आपल्याकडे हा विश्वास आशाताई रोज कमावतात. बाळंतिणीला रात्री गाडी करून नेणारी तीच, गोळ्या देणारी तीच. कोविडमध्ये घरोघरचं सर्वेक्षण तिच्यावर आलं, तेही तुटपुंज्या मोबदल्यात, सुरुवातीला धड मास्कही नसताना. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आनंदच झाला. पण मोबदला वेळेवर मिळणं हा त्याहून मोठा गौरव झाला असता. तिची मार्च महिन्याची बिलं तुमच्या टेबलावर अडकली असतील तर ती आज काढा. मी हे तयारीच्या यादीत अगदी वर धरतो.

जिनिव्हा-दिल्लीचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आणि केंद्र सरकारचं म्हणाल तर तेही महत्त्वाचं आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. सगळ्या देशांत लस वाटायच्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेने २०२१ अखेर जगाला २०० कोटी डोस द्यायचं ठरवलं होतं, निम्मेसुद्धा पोहोचले नाहीत. मोठा भार पुण्याच्या सीरमवर होता, आणि आपल्याकडे दुसरी लाट आल्यावर निर्यात थांबली. आपल्या माणसांना आधी लस मिळावी हे योग्यच होतं, पण आफ्रिकेतले आरोग्य कर्मचारी त्या महिन्यांत लशीविना काम करत राहिले, हेही खरं आहे. मे २०२५ मध्ये जागतिक महामारी करार मंजूर झाला. त्याचं प्रत्यक्षात काय होतं ते दिसेल.

तुम्ही मात्र या आठवड्यात एवढं करा. तुमच्या केंद्रातला सिलिंडरचा पाना साखळीने सिलिंडरच्या ट्रॉलीलाच बांधा. रात्रपाळीच्या नर्सकडून आणि शिपायाकडून व्हॉल्व्ह उघडून, रेग्युलेटर लावून घ्या, दोघांनाही यायला हवं. औषध दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक, पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आणि गावातले खासगी डॉक्टर यांचे नंबर एका कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि काहीही काम नसताना त्यांना एकदा फोन करा. आणि ज्या उपकेंद्राचा अहवाल सगळ्यात जास्त काळ निरंक येतोय, तिथल्या आरोग्य सेविकेबरोबर एक दिवस घरोघर फिरा. जाताना नोटीस बुक सोबत नेऊ नका.